मैदानातली पायवाट

आज आपण फोनवरच्या नकाशाबद्दल बोलू.

आमच्या गटातल्या एकीची सून तपासणीला दवाखान्यात निघाली. गावात नवी, म्हणून फोनला वाट विचारली. दवाखाना बाजाराच्या मैदानापलीकडेच आहे. आम्ही मैदानातून आडव्या जातो, ५ मिनिटं लागतात. फोननं मात्र तिला मागच्या निर्जन रस्त्यानं मोठा वळसा घालायला लावला. सातवा महिना, वर ऊन! पोचेपर्यंत तिचे पाय सुजले.

असं का झालं? ठिपक्यांची रांगोळी आठवा. फोन ठिपक्यावरून ठिपक्यावर, रेघेवरूनच चालतो. मैदान म्हणजे नकाशात नुसता रंगवलेला आकार. आत रेघ नाही, म्हणजे फोनच्या लेखी वाटच नाही. एखादा चौक ‘पायी चालण्याची जागा’ म्हणून नोंदवला, तरी पुष्कळ अ‍ॅप त्याच्या कडेकडेनंच नेतात.

त्या अ‍ॅपमागचा नकाशा होता ओपनस्ट्रीटमॅप. २००४ साली सुरू झालेला हा नकाशा विकिपीडियासारखा लोकच भरतात. मग आम्हीही खातं उघडलं आणि रोजच्या पायवाटेची रेघ काढली. तरी फोन वळसाच दाखवी! आमची रेघ रस्त्याच्या जरा अलीकडेच थांबली होती. दोन्ही टोकं रस्त्याच्या रेघेला एकाच ठिपक्यात जोडली, तेव्हा काही दिवसांनी अ‍ॅपमध्ये सरळ वाट आली.

आम्ही खूश झालो. तेवढ्यात एकजण म्हणाली, “अगं, रात्रीचं काय? मैदानात दिवा नाही. एखादी पोर फोनवर भरवसा ठेवून अंधारात शिरेल.”

खरंच की! मग दिवा नाही, पावसात चिखल होतो, हेही आम्ही नोंदवलं. फाटकाची वेळ, पायऱ्या यांचीही सोय नकाशात आहे. पण सगळेच अ‍ॅप या नोंदी पाहत नाहीत. म्हणून मैदानात दिवा लावावा, असा अर्जही ग्रामपंचायतीत दिला. त्याचा पाठपुरावा चालू आहे.

तुम्हीही आपल्या गावची वाट नोंदवा. मात्र स्वतः चाललेलीच. कुणाच्या शेतातून किंवा अंगणातून रेघ ओढू नका. आणि वाट दाखवताना तिथला अंधारही सांगा. तो आपल्याइतका कुणाला ठाऊक असणार?