मोटारीचा दिवा आणि समोरचा माणूस

मोटारीच्या दिव्यातला बल्ब ही काय भाषण करण्याजोगी गोष्ट आहे का, असे कुणाच्या मनात आले तर नवल नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मलाही तसेच वाटत होते. बल्ब गेला, दुकानात गेलो, नवा आणला, काम झाले! मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. अंतर्वक्र आरसा, त्याची नाभी, परावर्तित किरण हे सारे फळ्यावर काढता काढता माझी कितीतरी वर्षे गेली. तरीही एका बल्बाने मला धडा दिला. तोच आज सांगणार आहे.

आमच्या वसई तालुक्यात रस्ते दोन तऱ्हेचे. एक अहमदाबादचा हमरस्ता. तिथे रात्रभर ट्रकांची रीघ. दुसरे गावातले रस्ते. निर्मळ, भुईगाव, वाघोली, नंदाखाल, आगाशी या गावांतून, वाड्यांच्या कडेकडेने जाणारे अरुंद आणि वळणावळणाचे. पावसाळ्यातल्या एका रात्री हमरस्त्यावर शिरसाड फाट्याच्या अलीकडे माझ्या गाडीचा एक दिवा गेला. एका दिव्यावर कसाबसा घरी आलो. दुसऱ्या दिवशी एका दुकानात गेलो आणि म्हणालो, “जरा जोरदार बल्ब द्या हो.” दुकानदाराने शंभर वॅटचे दोन बल्ब काढले. “हे घाला साहेब, रात्रीचा दिवस होईल!” त्यांतला एक बल्ब काही नीट बसेना. तेव्हा फिटरने त्याचा एक कान कानशीने घासला आणि दाबून बसवला. मी शेजारी उभा राहून पाहत होतो. पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक!

आठवडाभर मी खुशीत होतो. मग एका पहाटे पाहुण्यांना आणायला स्टेशनवर निघालो. समोरून एक म्हातारे गृहस्थ सायकलीवर भाजीची टोपली बांधून येत होते. दादरच्या बाजारात माल न्यायचा, म्हणून आमच्याकडची माणसे अशी अंधारात बाहेर पडतात. मी दिवा खाली केला होता, म्हणजे आपण ज्याला डिपर म्हणतो तो दिला होता. तरी ते सायकलीसकट कडेच्या चरात गेले. मी धावत गेलो. गुडघा फुटला होता, भाजी चिखलात पडली होती. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “मास्तर, तुमच्या दिव्यानं तुम्हाला रस्ता दिसला, पण माझा गेला ना!” भाजीचे पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. त्यांची गाडी मात्र चुकली.

घरी येऊन मी बल्ब बाहेर काढला, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. एक, घासलेल्या कानामुळे तो तिरका बसला होता. दुसरी, मागचा प्लास्टिकचा होल्डर तपकिरी होऊन मऊ पडला होता. आणखी महिनाभर तसाच चालवला असता तर वायर पेटायला वेळ लागला नसता.

आता हे असे का झाले? पुष्कळ गाड्यांत जो दोन तारांचा बल्ब असतो, त्याला एच 4 म्हणतात. हॅलोजनचा हा दोन तारांचा बल्ब युरोपात 1971 साली आला. त्याची एक तार लांबच्या उजेडाची, ती 60 वॅटची. दुसरी खालच्या उजेडाची, ती 55 वॅटची. लांबच्या उजेडाची तार आरशाच्या नाभीजवळ असते, म्हणून किरण सरळ दूर जातात. खालच्या उजेडाची तार नाभीच्या थोडी पुढे असते आणि तिच्याखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. ती वाटी आरशाच्या खालच्या अर्ध्या भागावर उजेड पडू देत नाही. वरच्या भागावर पडलेला उजेड तेवढा परतून खाली रस्त्यावर येतो. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, म्हणून उजेडाची कड डावीकडे थोडी वर चढलेली आणि उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या बाजूला, खाली ठेवलेली असते. ही सगळी व्यवस्था तारेच्या जागेवर अवलंबून आहे. तार एखाद्या मिलिमीटरने सरकली तरी रस्त्यावर पडायचा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. बल्बाला तीन कान दिलेले असतात ते तो एकाच रीतीने, बरोबर त्या जागी बसावा म्हणून. ते कान आम्ही घासले!

आता होल्डर का वितळला ते पाहू. हे गणित शाळेतल्या मुलालाही येईल. मोटारीची बॅटरी 12 व्होल्टची. 60 वॅटला 12 ने भागले की 5 अँपिअर वीज. 100 वॅटला भागले की 8 हून थोडी जास्त. पण तारेत होणारी उष्णता विजेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वॅट दुपटीलाही पोचले नाहीत, आणि वायरीतली उष्णता मात्र पावणेतीन पटींच्या वर गेली. कारखान्याने घातलेली वायर एवढा ताप सोसण्यासाठी केलेलीच नसते.

तर मग योग्य बल्ब निवडायचा कसा? जुना बल्ब फेकून देऊ नका. त्याच्या धातूच्या बुडावर बारीक अक्षरांत सगळे लिहिलेले असते : जात, व्होल्ट, वॅट. ते कागदावर उतरवून घ्या आणि गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेशी ताडून पाहा. पुस्तिका पाहायची ती एवढ्यासाठी, की आधीच्या मालकाने चुकीचा बल्ब घातलेला असू शकतो. काही गाड्यांत लांबच्या आणि खालच्या उजेडाला वेगवेगळे बल्ब असतात, एच 7, एच 1, एच 11 असे. ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. मोटारसायकलींत एच एस 1 नावाचा 35 वॅटचा बल्ब पुष्कळदा असतो. दिसायला तो एच 4 चा जुळा भाऊच वाटतो, पण बूड वेगळे. मोठ्या ट्रकांची वीज बहुधा 24 व्होल्टची असते. तो बल्ब मोटारीत घातला तर मिणमिणता लालसर जळेल, आणि मोटारीचा बल्ब ट्रकमध्ये घातला तर लगेच जाईल. एकच गोष्ट ध्यानात ठेवा : बल्ब हलक्या हाताने बसला पाहिजे. जोर लावावा लागला की समजावे, एकतर बल्ब चुकला आहे किंवा तो उलटा धरला आहे.

बसवताना दिवा बंद करा, गार होऊ द्या आणि काचेला बोट लावू नका. बोटांचे तेल आणि मीठ काचेवर राहते, तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. चुकून बोट लागले तर स्पिरिटच्या स्वच्छ फडक्याने पुसून घ्या. मागची रबरी टोपी नीट बसवा, नाहीतर पाणी आत जाते. एका बाजूचा बल्ब म्हातारपणाने गेला असेल तर दुसऱ्याचेही वय तेवढेच झालेले असते. म्हणून जोडी बदलणे बरे.

आणि नवा बल्ब घेण्याआधी बल्बच गेला आहे ना, हे पाहा. फ्यूज पाहा, होल्डरचे पाय पाहा. आमच्याकडे समुद्राचा खारा वारा, त्यात पावसाळा. होल्डरच्या पायांवर गंज धरतो, आणि बिचाऱ्या बल्बाला दोष येतो. कधी दिव्याची पुढची काच, जी हल्ली प्लास्टिकची असते, ती पिवळी पडून धुरकट झालेली असते. मग आत कितीही चांगला बल्ब घाला, उजेड मंदच. तिथे काच साफ करणे हाच इलाज.

आता तुम्ही म्हणाल, पांढराशुभ्र एलईडी का घालू नये? कारखान्यानेच ज्या गाडीत एलईडीचा दिवा दिला, त्याचा आरसा नि भिंग त्यासाठीच बनवलेले असते, तिथे काही हरकत नाही. पण हॅलोजनसाठी केलेल्या दिव्यात बाजारातला एलईडी खुपसला, तर उजेडाची जागा आणि आकार दोन्ही बदलतात. चालवणाऱ्याला वाटते भरपूर उजेड झाला, आणि तो चोहीकडे विखुरलेला असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 सालचे आहेत. दिव्याचा झोत खाली वळलेला असावा, समोरच्याचे डोळे दिपू नयेत, असे त्यांत सांगितले आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. संध्याकाळी शाळेच्या अंगणात सपाट जागी भिंतीसमोर कुणाची तरी गाडी उभी करा. खालचा उजेड लावून भिंतीवरची कड मुलांना खडूने आखायला सांगा. मग लांबचा उजेड लावा आणि ती कड कुठे गेली ते विचारा. नाभी म्हणजे काय हे मुले मग विसरणार नाहीत. बल्ब बदलण्याआधी आणि नंतर घरी हीच परीक्षा घेतली, तर दिवा बरोबर बसला की नाही तेही कळते.

मी पुन्हा 60/55 चेच बल्ब घातले. ते भाजीवाले काका अजूनही पहाटे कधीतरी भेटतात. मी आधीच वेग कमी करतो, दिवा खाली करतो. ते एक हात वर करतात आणि आपल्या वाटेने सरळ निघून जातात. दिवा आपल्या गाडीला असतो, पण रस्ता दोघांचा असतो. दुकानात बल्ब मागताना तेवढे आठवले, तरी आजचे बोलणे कामी आले असे मी समजेन.