मेलेल्याची मात्रा सांभाळा

एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. कॉलेजच्या भयनाट्याचं पोस्टर करायचंय, त्यासाठी ‘झिजलेला, तडे गेलेला गॉथिक फॉन्ट’ हवाय. आणि तोही मराठीत.

आधी एक गंमत. गूगलवर नुसतं ‘गॉथिक’ शोधलंत तर फ्रँकलिन गॉथिक, सेंच्युरी गॉथिक असले साधे-सरळ फॉन्ट समोर येतात. त्यात भूत नाही की वटवाघूळ नाही! आपल्याला हवी असते ती ब्लॅकलेटर, म्हणजे जाड बोरूनं लिहिल्यासारखी टोकदार अक्षरं. गुटेनबर्गनं १४५५ च्या सुमारास बायबल छापलं ते याच वळणात. जर्मनीत तर १९४१ पर्यंत पुस्तकं, वर्तमानपत्रं सर्रास अशी छापली जायची. तिथल्या आजीला त्यात काहीच भयानक वाटलं नसणार. भीती आपण नंतर चिकटवली, सिनेमांनी आणि मेटल बँडच्या लोगोंनी.

आता मराठीकडे येऊ. असल्या फॉन्टमध्ये बहुतेक वेळा फक्त रोमन अक्षरं असतात. मराठी टाइप केलंत की मोबाइल गुपचूप दुसराच फॉन्ट लावतो. मग करायचं काय? मी तर सांगेन, मुक्तासारखा मोकळ्या परवान्याचा फॉन्ट सगळ्यात जाड वजनात घ्या, अक्षरांचे आकार करा आणि हातानं तोडा.

पण कुठे तोडायचं? खरी मेख इथे आहे. रोमन अक्षराचा कोपरा उडाला तरी बहुतेकदा शब्द कळतो. आपल्याकडे ‘तो मेला’मधली मात्रा झिजली की होतं ‘तो मला’. संपली भीती! ‘घर’ची शिरोरेघ डावीकडे तुटली की लोक ‘धर’ वाचतात. म्हणून मात्रा, अनुस्वार, रफार यांना हात लावू नका. काना खालून कुरतडा, दोन अक्षरांमधली शिरोरेघ फोडा. तसंही घाईत लिहिताना आपल्यातले कितीतरी जण ती देतच नाहीत.

अजून एक. ‘काळा वाडा’मध्ये चार काने आहेत. चारही कान्यांना तोच तडा असेल तर रबरी शिक्का मारल्यासारखं दिसतं. चांगल्या फॉन्टमध्ये एकाच अक्षराची दोन-तीन रूपं असतात आणि ती आपोआप बदलतात. हातानं करताना प्रत्येक काना वेगळा फोडा. वेळ जातो, जाऊ द्या.

रोमन फॉन्ट फुकट उतरवून घेणार असाल, तर सोबतची परवान्याची फाइल उघडून बघा. ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असं असेल आणि नाटकाला तिकीट असेल, तर तो वापरू नका.

आणि पोस्टर आधी व्हॉट्सॲपवर जाणार. तिथे बारीक तडे दिसत नाहीत, नुसता चिखल दिसतो. तेव्हा चित्र अंगठ्याएवढं करा, नाटकाचं नाव माहीत नसलेल्या मित्रासमोर धरा आणि वाचायला सांगा. अडखळला, तर दोन तडे बुजवा.