कार्ड माझं, गाडी मित्राची

(मंडळाच्या सभासदांपुढे झालेल्या छोटेखानी व्याख्यानाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



समितीने मला सांगितलं, "तू अकाउंट्सवाला, पैशाविषयी काहीतरी उपयोगी बोल." म्हटलं, उपयोगी बोलायचं तर स्वतःची फजिती सांगावी, कारण दुसऱ्याच्या फजितीतून माणूस लवकर शिकतो. या गोष्टीतला दुसरा माणूस तिसऱ्या रांगेत बसलेला आहे. त्याची परवानगी घेतली आहे. नाव मात्र सांगणार नाही.

आम्ही दोघेही अल सुलैमध्ये काम करतो. तुमच्यापैकी बरेच जण तिकडे फिरकत नसतील, म्हणून सांगतो. रियाधच्या आग्नेयेला गोदामं, वर्कशॉप्स आणि ट्रेलरच्या रांगा असलेला हा भाग. मी एका गोदामाच्या हिशेबात, मित्र तिथेच मेंटेनन्समध्ये. गेल्या हिवाळ्यात त्याचे आईवडील पुण्याहून आले. काका-काकूंना अल अहसा दाखवायचं ठरलं. खजुरांच्या बागांचं हे मरुद्यान २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, जवळच जबल अल काराच्या गुहा आहेत. मुलं धरून सहा माणसं, म्हणजे सात सीटची गाडी हवी.

मित्राकडे इकामा होता, इथलं लायसन्स होतं, पण क्रेडिट कार्ड नव्हतं. अनामतीसाठी कंपनीला क्रेडिट कार्डच पाहिजे. मला फोन आला. मी दुपारच्या सुट्टीत चालत गेलो, करार मित्राच्या नावाने झाला, कार्ड माझं घातलं, पिन मी दाबला. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, "नावं वेगळी आहेत, चालेल ना?" तो म्हणाला, "माफी मुश्किल." मंडळी, हे दोन शब्द ऐकले की सावध व्हा!

चार दिवसांचं भाडं ११०० रियाल कापलं आणि १५०० रियाल अनामत म्हणून अडवून ठेवले. हा फरक नीट समजून घ्या. भाडं म्हणजे झालेला खर्च. अनामत म्हणजे 'होल्ड', तुमच्या मर्यादेतली रक्कम फक्त बाजूला ठेवलेली असते, ती दुकानदाराकडे गेलेली नसते. पुढे तो ती सोडून देतो, नाहीतर त्यातली काही रक्कम वसूल करतो.

गाडी परत केली, होल्ड सुटला, आम्ही विसरलो. आठ दिवसांनी सकाळी एकामागून एक चार एसएमएस आले. ३००, ११५, ८०५ आणि २३० रियाल. एकूण १४५०. ना फोन, ना पत्र, ना पिन.

आता माझी पहिली चूक. मी बँकेच्या ॲपमध्ये गेलो आणि रागाच्या भरात 'हा व्यवहार मी केलेला नाही' हा पर्याय दाबला. बँकेने कार्ड बंद केलं, नवं पाठवलं. मला वाटलं, काम झालं. पण कार्ड बंद केल्याने आधी लागलेला खर्च पुसला जात नाही. शिवाय ती चोरी नव्हतीच. कार्ड मीच दिलं होतं. गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीला गाडी परत आल्यावरही काही रकमा मागाहून लावता येतात, म्हणजे वाहतुकीचा दंड, पेट्रोल, जादा दिवस वगैरे. मात्र त्यासाठी करारात तशी तरतूद हवी आणि पुरावा हवा.

आठ दिवसांनी बँकेचं उत्तर आलं : तक्रार नामंजूर. सोबत कंपनीने दिलेले कागद होते. करार, मागच्या बंपरवरच्या ओरखड्याचा फोटो, डाग पडलेल्या सीटचा फोटो आणि साहेरच्या दंडाची प्रत. साहेर म्हणजे २०१० मध्ये रियाधला सुरू झालेली आपली ती कॅमेऱ्यांची व्यवस्था, सगळ्यांच्या परिचयाची! हुफूफच्या वाटेवर, आमच्या मित्राच्या नावावर, वेगाचा दंड ३०० रियाल.

आणि इथे माझी दुसरी, खरी चूक झाली. मी मनात म्हटलं, "दंड झाला आणि या माणसाने मला सांगितलंही नाही!" विश्वास पानिपतात गेला म्हणतात ना, तो माझा त्या दिवशी अल सुलैमध्ये गेला. मित्राला फोन करावा, तर घरी पाहुणे. काका-काकूंसमोर पैशाचं कसं काढायचं? आपली ती मराठी भीड! म्हणून मी काहीच बोललो नाही. फक्त जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या टेबलावर बसायला लागलो. तो हात करायचा, मी मोबाइलमध्ये बघायचो. असं बरेच दिवस चाललं. दहा वर्षांची मैत्री, मंडळी.

संक्रांतीला संध्याकाळी बेल वाजली. मित्र, वहिनी आणि तिळगुळाचा डबा. काकू निघण्याआधी स्वतः वळून गेल्या होत्या. वहिनींनी वाटी पुढे केली आणि सरळ विचारलं, "भाऊजी, तुम्ही यांच्याशी बोलत का नाही? आमचं काही चुकलं का?"

मग मी ते कागद आणले आणि टेबलावर ठेवले. मित्र बघतच राहिला. त्याला या चार रकमांची गंधवार्ताही नव्हती. असणार कशी? एसएमएस माझ्या फोनवर आले होते. मी बँकेला विचारलं, कॉल सेंटरला विचारलं, पण ज्याला विचारायचं त्यालाच विचारलं नव्हतं.

त्याने आपला फोन काढला. गाडीचा करार त्याच्या इकाम्यावर नोंदलेला, त्यामुळे दंडाचा एसएमएस त्याला थेट आला होता. अबशरवर बघून त्याने त्याच दिवशी सदादने ३०० रियाल भरून टाकले होते. पावती फोनमध्ये होती. मला का सांगितलं नाही? तर म्हणे, "गाडीत बाबांना सांगत होतो, मी कधी वेग मोडत नाही म्हणून. लाज वाटली रे." म्हणजे भरलेल्या दंडाचे पैसे कंपनीने माझ्याकडून पुन्हा घेतले होते!

पुढे तो म्हणाला, "ओरखडा? थांब." गाडी घेताना त्याने मुलाच्या हट्टाखातर गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढला होता. मागच्या बंपरवर तोच ओरखडा, तारीख-वेळेसकट. ८०५ म्हणजे ७०० रियाल आणि त्यावर १५ टक्के व्हॅट, दुसऱ्याच कोणाच्या धडकेचे.

राहिले सफाईचे २३०. वहिनी खाली बघून म्हणाल्या, "ते मात्र आमचंच आहे." अल अहसाचे खलास खजूर प्रसिद्ध. त्यांच्यासोबत दिब्सची, म्हणजे खजुराच्या पाकाची बाटली घेतली होती. ती धाकट्याने मागच्या सीटवर उपडी केली. सीट खलास! सफाईचा दर करारात छापलेला होता.

त्या रात्री आम्ही दोघांनी बसून दुसरा अर्ज लिहिला. त्यात काय केलं ते सांगतो, कारण उपयोगाचं तेवढंच आहे.

एक, कारण बदललं. 'व्यवहार माझा नाही' असं न म्हणता 'कंपनी ओळखीची आहे, पण या रकमा मान्य नाहीत' असं लिहिलं. दोन, प्रत्येक रकमेचा वेगळा परिच्छेद केला आणि त्यासमोर एकेक पुरावा जोडला : सदादची पावती, गाडी घेतानाचा व्हिडिओ, करार. तीन, सफाईचे २३० मान्य आहेत, असं आपण होऊन लिहिलं. जे देणं लागतो ते कबूल केलं की उरलेल्या म्हणण्याला वजन येतं. आणि खरं तर ते देणं होतंच. चार, नुकसानीबद्दल ठामपणे लिहिलं. व्हिसा काय किंवा मास्टरकार्ड काय, दोघांच्याही नियमांत गाडीच्या नुकसानीची भरपाई मूळ भाड्यात गुपचूप मिसळता येत नाही. ग्राहकाला तपशील आणि खर्चाचा अंदाज द्यावा लागतो. आम्हाला तसं काही आलंच नव्हतं.

यानंतरची प्रक्रिया अशी असते : आपली बँक दुकानदाराच्या बँकेकडे रक्कम परत मागते. याला चार्जबॅक म्हणतात. दुकानदाराला उत्तर देण्याची संधी असते. त्यामुळे मध्येच खात्यात पैसे दिसले तरी लगेच पेढे वाटू नका, निकाल विरुद्ध गेला तर ते पुन्हा वजा होतात. कार्ड कंपन्यांची मुदत बहुतेक प्रकारांत १२० दिवसांची असते, पण बँका आपली मुदत त्याहून कमी ठेवतात. म्हणून स्टेटमेंट आलं की लगेच वाचायचं. बँकेच्या उत्तराने समाधान झालं नाही तर इथे सौदी सेंट्रल बँकेकडे, म्हणजे सामाकडे, 'सामा तहतम' या सेवेवर तक्रार करता येते. मात्र आधी बँकेकडे तक्रार केलेली असली पाहिजे.

आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. सुमारे सात आठवड्यांनी दंडाचे ३०० आणि नुकसानीचे ८०५, असे ११०५ रियाल परत आले. ११५ गेले. दंडाची नोटीस हाताळण्याचा तो आकार करारात बारीक अक्षरांत होता आणि नोटीस तर खरीच आली होती. २३० मित्राने दिले. ११५ कोणी द्यायचे यावर मात्र आमचं जोरात भांडण झालं. तो म्हणे मी देतो, मी म्हणे मी. शेवटी बथ्यात जाऊन थाळी खाल्ली, बिल त्याने दिलं, प्रकरण मिटलं.

भारतातलं कार्ड वापरणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, बँकेचाही दोष नाही आणि आपलाही नाही असा परस्पर झालेला व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर आपल्यावर त्याचा भार येत नाही. पण तो नियम चोरीसाठी आहे, माझ्यासारख्या वादासाठी नाही. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तुमची मुलं अमेरिकेत असतील तर त्यांना सांगा, तिथे १९७४ च्या कायद्याप्रमाणे क्रेडिट कार्डाच्या बिलातली चूक, ती दाखवणारं बिल पाठवल्यापासून साठ दिवसांत लेखी कळवावी लागते.

आता मित्रासाठी कार्ड द्यावं की नाही? समितीतले एक ज्येष्ठ म्हणाले, "सरळ नाही म्हणायला शिकवा लोकांना." मला ते पटत नाही. परदेशात आपण एकमेकांना नाही म्हणायला लागलो, तर मंडळ कशाला हवं? कार्ड जरूर द्या. पण करारावर कार्डधारक म्हणून आपलं नाव लिहून घ्या. गाडी घेताना आणि देताना व्हिडिओ काढा. परत दिल्याची सही घ्या. कराराची प्रत दोघांकडे ठेवा. आणि काही एसएमएस आला, तर बँकेच्या आधी मित्राला फोन करा. पाहुणे असले तरी!

तिळगुळाची वाटी समोर धरली तरी गोड बोलायला मला वहिनींनी विचारावं लागलं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. मैत्रीतही ती माणसाला भिकेला लावते, हे मी त्या दिवशी शिकलो.

तिसऱ्या रांगेतले गृहस्थ मान हलवताहेत, म्हणजे हिशेब बरोबर आहे. त्यांच्याकडे आता स्वतःचं क्रेडिट कार्ड आलं आहे. पुढच्या सहलीला गाडी त्यांच्या कार्डावर, आणि दिब्सची बाटली माझ्या मांडीवर, असं ठरलं आहे.