नैराश्यावरील औषधे : घेताना आणि सोडताना



ताप आला की आपण लगेच दवाखाना गाठतो. मन खचले तर मात्र महिनोन्‌महिने कुणाला सांगत नाही. एखादा धीर करून डॉक्टरांकडे जातो, गोळ्या सुरू होतात, थोडे बरे वाटते. मग कुणीतरी म्हणते, "या गोळ्यांची सवय लागते, सोडून दे." आणि तो एका दिवसात सोडतो. खरा धोका येथे आहे.

१९५२ साली अमेरिकेत क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड हे औषध दिले असता त्यांना उल्हसित वाटू लागल्याचे आढळले. तेथून या औषधांचा शोध सुरू झाला. १९८७ साली तेथे फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली. आज फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम ही औषधे आपल्याकडे सर्रास दिली जातात. त्यांनी असंख्य लोक सावरले आहेत, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

परंतु प्रत्येक औषधाला दुसरी बाजू असते. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, जुलाब, झोप उडणे असे त्रास होतात. गुण यायला मात्र दोन ते चार आठवडे, कधी अधिक लागतात. त्रास आधी, गुण नंतर! हे ठाऊक नसले की माणूस आठव्या दिवशीच गोळी टाकून देतो. कामेच्छा कमी होणे हा नेहमी आढळणारा परिणाम आहे. लाजेपोटी तो लपवू नये. औषध किंवा मात्रा बदलता येते. वृद्धांच्या रक्तातील सोडियम घटून तोल जाणे, भ्रम होणे असे घडू शकते. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन सोबत घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून अंगदुखीची गोळीही विचारून घ्यावी.

विद्यार्थी मित्रांनो, एक गोष्ट खास तुमच्यासाठी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली मुलांसाठी आणि २००७ साली २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी इशारा दिला, की उपचाराच्या आरंभी आत्महत्येचे विचार वाढू शकतात. त्या काळात विलक्षण बेचैनी वाटली किंवा असे विचार आले, तर घरच्यांना व डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. घरच्यांनीही लक्ष ठेवावे.

आता सोडण्याविषयी. या औषधांची दारूसारखी ओढ लागत नाही. परंतु शरीर त्यांना सरावते. एकदम बंद केल्यास काही दिवसांतच चक्कर, मळमळ, चिडचिड, विचित्र स्वप्ने, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे, असा त्रास होऊ शकतो. २०२४ साली 'लॅन्सेट सायकिॲट्री'त अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. औषध सोडणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना, तर औषध नसलेली नकली गोळी सोडणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांना त्रास झाला होता. म्हणजे सहा-सातांपैकी एकाचा त्रास खरोखर औषध सोडल्यामुळे होता. तीव्र त्रास सुमारे ३ टक्क्यांना झाला. पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जातात, त्यामुळे ती सोडणे अवघड जाते. फ्लुओक्सेटिन सावकाश उतरते.

हा त्रास म्हणजे जुना आजार उलटला, असे समजून घोटाळा होतो. सोडण्याचा त्रास सहसा काही दिवसांत उठतो. आजार बहुधा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हळूहळू परततो.

मग करावे काय? बरे वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने औषध चालू ठेवावे लागते. नंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने पायरी पायरीने कमी करावे. शेवटच्या पायऱ्या अधिक लहान असाव्यात. कारण अल्प मात्रेचाही मेंदूवर मोठा परिणाम असतो. गावी जाताना गोळ्या मोजून बरोबर घ्याव्यात. दुसऱ्याची चिठ्ठी दाखवून औषध घेऊ नये. अडचणीच्या वेळी शासनाच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे.

औषधाला भिऊ नका आणि त्याच्याशी खेळूही नका. शेजारी कुणी गोळ्या घेत असेल तर "सोडून दे" म्हणण्याऐवजी "डॉक्टरांना विचारलंस का?" एवढेच विचारा. त्या एका प्रश्नाने एखादे घर सावरेल.