व्यवसाय कराची सक्ती कशासाठी?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



मघाशी गटचर्चेत एकीनं विचारलं, "माझ्या पगारातून दरमहा दोनशे रुपये व्यवसाय कर कापतात. मला कुणी विचारलं का? ज्याला द्यायचंय त्यानं राजीखुशीनं द्यावं." तिचा राग मला कळतो. आपल्यातल्या कित्येकींचा पगार घरीही न विचारताच काढून घेतला जातो. तेव्हा असा संशय येणारच.

पण हा कर आला कुठून? १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला, बांध घालायला कामावर आली. त्यात बायका मोठ्या संख्येनं होत्या. पुढं रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. नोकरदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांनी कर भरायचा आणि शासनानं तितकीच भर घालायची. १९७७ च्या कायद्यानं काम मागणं हा हक्क ठरला. पंधरा दिवसांत काम द्या, नाहीतर बेकारी भत्ता द्या.

हेच देणगीवर चाललं असतं तर? देणगीदाराचं मन फिरलं की काम बंद, आणि वर त्याच्या उपकाराचं ओझं. कोण लायक, कोण नालायक हेही तोच ठरवणार. टाकलेली बाई, विधवा बाई गावात कुणाच्या दयेवर जगते आणि त्या दयेची काय किंमत मोजते, हे मी तुम्हांला सांगायला नको. तीच बाई नमुना ४ भरून देते आणि पोच मागते, तेव्हा तिला कुणाचे आभार मानावे लागत नाहीत. तुमच्यावर सक्ती आहे, म्हणून तिला हक्क आहे. मला तरी ही सक्ती नैतिक वाटते.

आणि ती बाई कर भरत नाही, असं कृपा करून समजू नका. ती साबण घेते, चप्पल घेते, त्यावर कर भरते. फक्त तिच्या हातात पगाराची चिठ्ठी नसते. २०१७ मध्ये तर सॅनिटरी नॅपकिनवर १२ टक्के जीएसटी बसला. देशभर बायकांनी आवाज उठवला, तेव्हा २०१८ मध्ये तो गेला.

व्यवसाय करात २०२३ पासून महिना पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना माफी मिळाली. चांगलं झालं. मला एवढंच खटकतं की तितक्याच पगाराच्या पुरुष सफाई कामगाराचे दोनशे रुपये कापलेच जातात. कमी पगार हे कारण असेल तर ते त्यालाही लागू आहे.

आता सरकारकडे वळू. सक्तीनं घेणाऱ्यानं हिशेब दिलाच पाहिजे, नाहीतर पगार हिसकावणाऱ्या नवऱ्यात आणि त्याच्यात फरक काय? १९८८ नंतर रोजगार हमीच्या कामांवरची हजेरी घटत गेली. २००५ च्या केंद्रीय कायद्यानं शंभर दिवसांपर्यंतच्या अकुशल मजुरीचा भार केंद्रानं उचलला. व्यवसाय कर मात्र चालूच राहिला. मग तो कुठं खर्च झाला?

म्हणून 'मला का विचारलं नाही' यापेक्षा हा प्रश्न धरा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायला दहा रुपये लागतात. जिल्ह्यातून व्यवसाय कर किती जमा झाला, रोजगार हमीवर राज्यानं स्वतःचे किती खर्च केले, आणि किती बायकांनी काम मागून त्यांना मिळालं नाही, एवढंच विचारायचं. जेवणानंतर अर्जाचा मसुदा करायला बसू.