फेस आणि शेवाळ : खाऱ्या पाण्याच्या टाकीची व्यवस्था



मुकणे घराण्याच्या या जुन्या राजधानीत, जव्हारात, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर, खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाविषयी बोलावे हे कोणाला विसंगत वाटेल. परंतु ज्या प्रदेशावर पडणारा पाऊस पिंजाळ आणि सूर्या या नद्यांवाटे वैतरणेस मिळून अखेर अरबी समुद्रास जातो, त्या प्रदेशातील लोकांना, पाण्यात विरघळलेले द्रव्य कोठून येते आणि कोठे जाऊन साचते या प्रश्नाचा विचार करण्याचा अधिकार किनाऱ्यावरच्या माणसाहून तिळमात्र कमी नाही. जव्हार-मोखाडा तालुक्यांतील शाळांमधून समुद्राची एखादी टाकी असावी, आणि ज्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही त्यांना तो वर्गात पाहावयास मिळावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे, आणि आजचे व्याख्यान त्या इच्छेपोटीच आहे.

मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले, ते मरीन ड्राइव्हवर, म्हणजे प्रत्यक्ष समुद्राच्या काठी. येथे गोष्ट निराळी. समुद्र गाडीरस्त्याने साठ-सत्तर किलोमीटर दूर. म्हणजे बाजारात मिळणारे समुद्री मीठ शुद्ध पाण्यात कालवून खारे पाणी घरीच सिद्ध करावयाचे, आणि ते शुद्ध पाणी यंत्रातून गाळून घेताना प्रत्येक लिटरामागे कित्येक लिटर पाणी वाया जावयाचे. ज्या मोखाड्यात आषाढ-श्रावणात पाऊस मावत नाही आणि चैत्र-वैशाखात विहिरी आटून पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, तेथे टाकीचे पाणी वरचेवर बदलण्याचा उपाय सांगणे मला न्याय्य वाटत नाही. सबब, आहे तेच पाणी दीर्घकाळ निर्मळ कसे राखावे हा प्रश्न आपल्याकडे चैनीचा राहत नाही.

आता हिशेब पाहू. माशांना रोज एक ग्रॅम कोरडे खाद्य घातले आणि त्यात निम्मे प्रथिन असले, तर प्रथिनात सुमारे १६ टक्के नायट्रोजन असल्यामुळे टाकीत रोज ८० मिलिग्रॅम नायट्रोजन जमा होतो. माशांच्या शरीरवाढीस लागणारा अल्प अंश सोडला तर तो अमोनियाच्या रूपाने बाहेर पडतो, जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ३०० लिटरांच्या टाकीत हे नायट्रेट लिटरामागे रोज एक मिलिग्रॅमहून थोडे अधिक, म्हणजे महिन्याकाठी तीस-पस्तीस मिलिग्रॅम वाढते. खडकांच्या आतल्या प्राणवायुरहित पोकळ्यांत काही नायट्रेटाचा वायू होऊन उडून जातो हे खरे. पण साधारण टाकीत तेवढ्याने भागत नाही. नदीला समुद्र आहे, टाकीला बाहेर जाण्याची वाट नाही. ती वाट माणसाने काढून द्यावी लागते.

पहिली वाट फेसाची. प्रोटीन स्किमर या नावाने जे यंत्र विकले जाते त्यात एका उभ्या नळकांड्यातून खाऱ्या पाण्यात हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे सोडतात. प्रथिने, स्निग्धांश आणि तत्सम सेंद्रिय द्रव्ये, ज्यांच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे आणि दुसरे हवेकडे ओढ घेते, ती बुडबुड्याच्या पृष्ठाला चिकटतात, फेसाबरोबर वर चढतात आणि माथ्यावरच्या पेल्यात तपकिरी, उग्र वासाच्या द्रवरूपाने साठतात. गुऱ्हाळात काहिलीवर आलेली मळी गुळवा जशी वेळीच काढून टाकतो, त्यातलाच हा प्रकार. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत, लहानच राहतात, म्हणून हे यंत्र समुद्रजलात चांगले चालते आणि गोड्या पाण्यात जवळजवळ निरुपयोगी ठरते. याचा मोठा गुण असा की मलद्रव्य कुजून त्याचा अमोनिया होण्यापूर्वीच ते बाहेर जाते, आणि जाता जाता पाण्यात हवा भरपूर खेळते. मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे : पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कर्बापैकी सुमारे पाव हिस्साच स्किमरच्या हाती लागतो असे मोजमापांत आढळले आहे, आणि एकदा नायट्रेट किंवा फॉस्फेट झाले की ते फेसाला मुळीच चिकटत नाही.

दुसरी वाट शेवाळाची. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर अ‍ॅडी या शास्त्रज्ञाने प्रवाळखडकांचे निरीक्षण करताना पाहिले, की लाटांच्या माऱ्याखाली उन्हात वाढणारे आखूड, दाट शेवाळ हेच त्या परिसराचे पोषणद्रव्य वेगाने शोषून घेते. आणि १९८० च्या सुमारास त्याने तेच शेवाळ टाकीबाहेर एका जाळीवर वाढवून पाणी राखण्याची पद्धत उभी केली. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिल येथे १९८७ साली उघडलेले, पंचवीस लक्ष लिटरांचा प्रवाळखडक असलेले मत्स्यालय प्रारंभी याच पद्धतीवर चालले. घरगुती रूपात खरखरीत केलेल्या प्लास्टिकच्या जाळीवरून पाण्याची पातळ धार वाहू देतात आणि तिच्या दोन्ही अंगांनी तीव्र प्रकाश पाडतात. शेवाळ नायट्रेट आणि फॉस्फेट तर घेतेच, पण अमोनिया मिळाल्यास तो आधी घेते. टाकीचा दिवा मालवल्यावर जाळीचा दिवा लावावा, म्हणजे रात्री पाण्यात साचणारा कर्बद्विप्राणिद वायू शेवाळ खाते आणि पाण्याचा सामू खाली घसरत नाही.

या दोन वाटांच्या कैवाऱ्यांत दीर्घकाळ वाद झाला. शेवाळपंथीयांचे म्हणणे असे की स्किमर टाकीतले सूक्ष्म प्लवक आणि अन्नकणही उपसून नेतो, म्हणून टाकी उपाशी राहते. फेसपंथीयांचे म्हणणे असे की शेवाळ पाण्यात पिवळसर सेंद्रिय द्रव्य सोडते आणि जाळी खरडताना फाटलेल्या पेशींचा रस टाकीत उतरतो. दोन्ही आक्षेप खरे आहेत. आणि माझ्या मते त्यांतूनच दोहोंना एकत्र नांदवण्याचे कारण सिद्ध होते, कारण शेवाळ जे सोडते त्यातील बराचसा अंश फेसाला चिकटणारा आहे, आणि फेस जे सोडून देतो तेच नेमके शेवाळाचे अन्न आहे. त्यांत कालाचाही फरक आहे : स्किमर थोड्याच दिवसांत कामास लागतो, तर जाळीवर आधी काळपट, चिकट थर येऊन मग हिरवे, केसाळ शेवाळ धरण्यास तीन-चार आठवडे जातात, त्या अवधीत सगळा भार एकट्या फेसावर असतो. पुढे जाळी भरात आली की स्किमर लहान ठेवावा किंवा दिवसाचे काही तासच चालवावा, म्हणजे प्लवकांचा नाश टळतो. जाळीच्या आकारासाठी छांदिष्टांत एक ठोकताळा रूढ आहे : गोठवलेल्या खाद्याची एक घनाकार वडी रोज घालीत असल्यास दोन्ही अंगांनी उजळलेली १२ चौरस इंच जाळी. महत्त्वाची बाब अशी की जाळी टाकीच्या आकारावर नव्हे, घातलेल्या अन्नावर ठरवावी.

येथील वीज हा मात्र काळजीचा विषय आहे. वीज गेली की जाळीवरची धार थांबते, आणि ती तासन्‌तास थांबली तर शेवाळ वाळून मरते व पुन्हा पाणी सुरू होताच कुजून टाकीत उतरते. वीज परत येण्याच्या क्षणी स्किमर भरून वाहण्याचाही संभव असतो, कारण मधल्या काळात टाकीतले पाणी तिच्याखालच्या, स्किमर ठेवलेल्या पेटीत उतरून पातळी चढलेली असते; म्हणून खालच्या पेटीत तेवढी जागा रिकामी राखावी. इन्व्हर्टरवर सर्वप्रथम हवेचा लहान पंप जोडावा, कारण मासे सर्वांत आधी प्राणवायूच्या अभावाने दगावतात. त्यानंतर जाळीचा पंप. स्किमरचा क्रम शेवटी. बाष्पीभवनाची भर नेहमी गोड्या पाण्याने घालावयाची असते, आणि त्यासाठी पहिले दोन-चार पाऊस वाहू देऊन मग स्वच्छ छपरावरून धरलेले व कोळशातून गाळलेले पावसाचे पाणी कामी येईल. पावसाची तेवढी श्रीमंती या डोंगरांना निश्चित आहे.

टाकीत काय ठेवावे याविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. समुद्रातून तोडलेले प्रवाळ कोणी स्वस्तात देऊ केले तरी घेऊ नये; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपले प्रवाळ संरक्षित आहेत, आणि शाळेने मुलांसमोर कायदेभंगाचा दाखला ठेवणे अनुचित होय. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउनफिशचे प्रजनन हौदात यशस्वी केलेले आहे. तशा, हौदात जन्मलेल्या माशांची एक जोडी, मृत व स्वच्छ केलेले खडक, आणि लिटरामागे सुमारे ३५ ग्रॅम क्षारतेचे पाणी एवढ्यावर प्रारंभ करावा. पहिले काही आठवडे फक्त जीवाणू आणि स्किमर यांच्यावर टाकी चालवून, अमोनिया शून्यावर आला की मासे आणावेत, आणि खाद्य अगदी बेताने वाढवावे. जाळी धरू लागल्यावर दर आठ-दहा दिवसांनी ती काढून बाहेर, वेगळ्या भांड्यात खरडावी, कारण खरडलेले शेवाळ टाकीबाहेर गेले तरच त्यातील नायट्रोजन टाकीबाहेर गेला. एका वेळी निम्मीच जाळी साफ करावी, म्हणजे उरलेल्या निम्म्या भागाचे काम अखंड चालू राहते. खरडलेले शेवाळ गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन, मीठ निघून गेल्यावर, शाळेच्या परसातील वांगी-मिरचीच्या वाफ्यात घालण्यास हरकत नाही.