खेळाडू हाही कामगारच
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



मी रेल्वेतला माणूस, म्हणून रुळापासूनच सुरुवात करतो. रूळ बहुधा एका अवजड गाडीने मोडत नाही. हजारो चाकांचा भार सोसून तो आतून थकतो. म्हणून त्यावरून किती टन वाहतूक गेली याचा हिशोब ठेवतात आणि मोडण्याआधीच तो बदलतात. धडका खाणाऱ्या खेळाडूच्या मेंदूचा असा हिशोब कोणी ठेवायचा?

अमेरिकी फुटबॉल हा हेल्मेट घालून धडका देण्याचा खेळ. पिट्सबर्गचा नामवंत खेळाडू माईक वेब्स्टर 2002 मध्ये अवघ्या 50व्या वर्षी वारला. वारंवारच्या आघातांशी संबंधित विकार त्याच्या मेंदूत डॉ. बेनेट ओमालू यांना आढळला.

मग कायदा कुठे होता? मालकाने कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवावी, असे तिथला 1970चा कायदा सांगतो. पण धडक हेच जिथे काम, तिथे काय करायचे? हा प्रश्न एका वेगळ्याच खटल्यात निघाला. 2010 मध्ये सीवर्ल्ड या जलक्रीडा उद्यानात किलर व्हेलने प्रशिक्षिकेचा बळी घेतला. 2014 मध्ये अपील न्यायालयाने सीवर्ल्डला दोषी धरले, तेव्हा विरोधी मत देणाऱ्या न्यायाधीश कॅव्हनॉ यांनी विचारले, मग सरकार उद्या फुटबॉलमधली धडकही बंद करणार का? फ्लोरिडा राज्याने तर व्यावसायिक खेळाडूंना कामगार नुकसानभरपाई कायद्यातूनच वगळले आहे.

वाट काढली ती खेळाडूंच्या संघटनेने. 2011च्या सामूहिक करारात, हंगामात पूर्ण संरक्षक पोशाखातले धडकांचे सराव फक्त 14 ठरले. सामना तसाच राहिला, पण आठवडाभराच्या धडका घटल्या. माजी खेळाडूंच्या दाव्यात 2013 मध्ये 76.5 कोटी डॉलरची तडजोड जाहीर झाली. पुढे रकमेची ती मर्यादाही काढण्यात आली. पण मंडळी, भरपाई इजा झाल्यावर मिळते. सरावाची मर्यादा इजेच्या आधी उभी राहते. माझ्या मते मोल त्या 14 आकड्याचेच जास्त.

आपल्याकडे रेल्वेत, पोलिसांत खेळाडूंना नोकरी मिळते. आपल्या घरातली मुले-मुलीही कबड्डी, कुस्ती खेळतात. उद्या त्यांच्यापुढे कराराचा कागद आला, तर मानधनाचा आकडा पाहण्याआधी तीन गोष्टी विचारा : उपचाराचा खर्च कोण करणार? इजेच्या काळात पगार चालू राहणार का? आणि पुन्हा मैदानात उतरायचे की नाही, हे डॉक्टर ठरवणार की संघाचा व्यवस्थापक? उत्तरे तोंडी नकोत, कागदावर हवीत.

विघ्नहर्ता आपल्या मुलांना धडधाकट ठेवो. गणपती बाप्पा मोरया!